बोटांची परीक्षा आणि डोक्याची

नोकरीच्या दारावरची पाटी दर पिढीला बदलते. आमच्या आई-वडिलांच्या तरुणपणी तिच्यावर टंकलेखन लिहिलेले असे. मिनिटाला मराठी तीस शब्द, इंग्रजी चाळीस, एवढी गती आली आणि सरकारी परीक्षेचे प्रमाणपत्र हाती पडले की कारकुनीचे दार किलकिले होई. २००१ पासून पाटीवर एम.एस.-सी.आय.टी. आले आणि खेड्यापाड्यांतली मुले-मुली संगणकाच्या वर्गाला जाऊ लागली. आज त्याच पाटीवर ‘डेटा अॅनॅलिटिक्स’ हे शब्द आले आहेत. आकडेवारी गोळा करणे, तिच्यातला कचरा काढणे, तक्ते व आलेख मांडणे आणि त्यांतून अर्थ काढणे, असे हे काम. त्यासाठी पॉवर बीआय, टॅब्लो अशी सॉफ्टवेअरे आहेत, ती बनवणाऱ्या कंपन्यांच्या परीक्षा आहेत, आणि त्या परीक्षांची तयारी करून घेणारे क्लास जळगाव-धुळ्यातही आहेत.

मी तृतीय वर्ष कला शाखेची, अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. आम्ही चार मैत्रिणी गेल्या काही महिन्यांपासून पॉवर बीआयच्या परीक्षेची तयारी करीत आहोत. ही बातमी वर्गात फुटली तेव्हा पहिला प्रश्न आला, “हे तर सायन्सवाल्यांचे काम, तुम्ही कशाला?” दुसरा आला, “प्रश्नसंच मिळाला का?” या दोन्ही प्रश्नांत आपली सारी दुखणी आहेत. पहिल्यात आपला न्यूनगंड आहे आणि दुसऱ्यात आपली सवय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी ही परीक्षा जरूर द्यावी. परंतु तिची तयारी पाठांतराने करू नये, आपल्या जिल्ह्याच्या आकड्यांवर करावी.

आधी परीक्षेचे स्वरूप सांगते. मायक्रोसॉफ्टची ही परीक्षा ‘पीएल-३००’ या नावाने ओळखली जाते. हजारपैकी सातशे गुण मिळाले की उत्तीर्ण. तिचे चार भाग आहेत: आकडेवारी तयार करणे, तिच्यातल्या तक्त्यांची नाती जोडणे, आलेख मांडून विश्लेषण करणे, आणि तयार अहवालाची व्यवस्था व सुरक्षितता पाहणे. प्रमाणपत्र वर्षभर चालते. पुढे दरवर्षी विनाशुल्क ऑनलाइन चाचणी देऊन त्याची मुदत वाढवावी लागते. मराठीत ही परीक्षा देता येत नाही. घरी बसून देता येते हे खरे, पण त्या वेळी खोलीत दुसरे माणूस नको, टेबल रिकामे हवे, कॅमेरा चालू हवा आणि इंटरनेट तुटता कामा नये. दोन खोल्यांच्या घरात, जिथे आजी बाहेरच्या खोलीत आणि शेजारची वहिनी केव्हाही आत, तिथे दीड-दोन तासांचा हा एकांत कोठून आणायचा, हे परीक्षा घेणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. असो.

अभ्यासाचे साहित्य कंपनी स्वतःच इंटरनेटवर फुकट देते. संगणकावर चालणारे सॉफ्टवेअरही फुकट मिळते. मग क्लास हजारो रुपये कशाचे घेतात? माझ्या एका मैत्रिणीच्या वडिलांनी कापसाच्या पैशातून अशा एका क्लासची फी भरली. तीन महिने तिने कोणते बटण कोठे आहे ते वहीत उतरवून घेतले आणि शेवटी तिच्या हाती प्रश्नोत्तरांचा एक गठ्ठा आला. “हेच फिरून फिरून येतात,” असे सांगण्यात आले. असे चोरून फोडलेले प्रश्न वापरणे परीक्षेच्या नियमांत बसत नाही, आणि उघडकीस आले तर मिळालेले प्रमाणपत्रही रद्द होऊ शकते, हे मात्र तिला कोणी सांगितले नाही. आम्हांला या गठ्ठ्याचे नवल वाटले नाही. आपण दहावीपासून गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांच्यावरच वाढलो आहोत. बी.ए.ला येऊनही ती पिशवी खांद्यावरून उतरलेली नाही.

कोणी म्हणेल, पास झाल्याशी मतलब. कसे झालो हे विचारतो कोण? याचे उत्तर टंकलेखनाच्या वर्गातच मिळते. ते प्रमाणपत्र बोटांची गती सिद्ध करीत असे. पत्रात काय लिहायचे हे त्या बोटांना कळते, असा दावा कोणी केला नाही. डेटाच्या परीक्षेत नेमकी हीच गल्लत होते आहे. बटणे दाबता आली म्हणजे आकडे वाचता आले, असे समजले जाते. दोन उदाहरणे देते. दोन्ही आपल्या मातीतली आहेत.

जनगणनेत धुळे जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ साली सुमारे २५ लाख होती आणि २००१ साली सुमारे १७ लाख. हे दोन आकडे सॉफ्टवेअरला दिले की ते क्षणात एक सुबक रेषा काढते आणि ती रेषा खाली उतरते. ज्याला फक्त बटणे ठाऊक आहेत तो लिहील, ‘दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या आठ लाखांनी घटली’; आणि कदाचित दुष्काळ, स्थलांतर अशी कारणेही शोधून देईल. खानदेशातल्या कोणालाही हे वाचून हसू येईल. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. २००१ साली त्या नव्या जिल्ह्यात सुमारे १३ लाख माणसे होती. दोघांची बेरीज केली तर लोकसंख्या घटलेली नाही, २५ लाखांवरून ३० लाखांवर गेलेली आहे. आणखी मागे गेलात तर १९०६ साली एकाच खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेशाचा पुढे जळगाव झाला आणि पश्चिमेचा धुळे. जुन्या गॅझेटिअरमधला ‘खानदेश’ आणि आजचा ‘धुळे’ यांचे तक्ते एकमेकांना जोडायचे तर सीमा कोठे होती हे आधी माहीत हवे. नुसते ‘जळगाव’ लिहूनही भागत नाही, कारण बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद आहेच. ही माहिती कोणत्याही बटणाखाली नाही. ती इतिहास आणि भूगोल यांच्या वर्गात आहे, म्हणजे आपल्या शाखेत आहे.

दुसरे उदाहरण बाजार समितीचे. समजा, एका दिवशी मक्याची आवक १० क्विंटल झाली आणि भाव मिळाला २,२०० रुपये. दुसऱ्या दिवशी आवक ९० क्विंटल आणि भाव १,८०० रुपये. सरासरी भाव किती? सॉफ्टवेअरला ‘सरासरी’ म्हटले की ते दोन भावांची बेरीज करून दोनाने भागते आणि २,००० सांगते. पण शेतकऱ्यांच्या हाती पडलेले एकूण पैसे १ लाख ८४ हजार आणि माल १०० क्विंटल, म्हणजे खरा भाव १,८४० रुपये. हे १६० रुपये कोणाच्या खिशातून गेले? कोणाच्याच नाही, ते कधी आलेच नव्हते. परंतु कागदावर ‘सरासरी भाव दोन हजार’ असे छापून आले की त्या कागदाच्या आधारे निर्णय होतात. पॉवर बीआयमध्ये खरा भाव काढण्यासाठी एकूण रकमेला एकूण आवकेने भागणारे सूत्र स्वतः लिहावे लागते. परीक्षेच्या पुस्तकात हा धडा आहे. पण तिथे तो परदेशी दुकानातल्या सायकलींच्या विक्रीवर शिकवला जातो. आम्ही तो मक्यावर केला तेव्हा चौघींनाही एका बैठकीत कळला. घरी वडिलांना सांगितला तर ते म्हणाले, “हे आम्हांला दर हंगामात कळते, तुम्हांला यंत्र कशाला लागते?” मला वाटते, या एका वाक्यात अभ्यासक्रमाची निम्मी दिशा आहे.

आकड्यांची शहानिशा करणे ही काही परदेशातून आलेली विद्या नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा केली, कागद तपासले, तारखा लावल्या आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. त्यांचे निधन १९२६ साली धुळ्यातच झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही त्या शहरात आहे. आधी साधन, मग विधान, ही त्यांची शिस्त. आजच्या भाषेत याला ‘डेटा क्लीनिंग’ म्हणतात आणि परीक्षेचा पहिला भाग तोच आहे. धुळ्यात राहून आपण ही शिस्त परकी समजावी, हे बरे नव्हे.

आता दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल, “इतके ज्ञान असेल तर प्रमाणपत्र हवेच कशाला?” आपल्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. शाळेची पायरी न चढलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या कवयित्रीच्या नावाने आपण पदव्या घेतो, ही गोष्ट भाषणांतून टाळ्या घेते. पण त्यावरून प्रमाणपत्राची गरज नाही असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे आहे. बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी कागदावर उतरवल्या नसत्या तर त्या कदाचित शेताच्या बांधापलीकडे गेल्या नसत्या. ज्ञानाला बाहेर नेणारा कागद लागतो. पुण्यातल्या कंपनीत आमच्यासारखीचा अर्ज उघडून पाहिला जावा यासाठी त्या कागदाचा उपयोग आहे. ज्या मुलीला घरचे पुण्याला पाठवायला तयार नाहीत, तिला घरी बसून मिळणाऱ्या कामासाठीही त्याचा उपयोग होऊ शकतो. म्हणून मी प्रमाणपत्राच्या विरोधात नाही. कागद आहे आणि आत काहीच नाही, या स्थितीच्या विरोधात आहे. आता तर यंत्राला साध्या वाक्यात विचारले तरी ते आलेख काढून देऊ लागले आहे. केवळ बोटांची विद्या शिकलेल्याची किंमत यापुढे उतरत जाणार, हे उघड आहे. आलेख खोटे बोलतो आहे हे ओळखणाऱ्याची मात्र गरज वाढेल.

यासाठी आपल्या महाविद्यालयाने फार मोठा खर्च करायला नको. तीन गोष्टी कराव्यात, अशी नम्र सूचना करते. पहिली, संगणक कक्ष आठवड्यातून दोन दिवस तास संपल्यावर कला शाखेला खुला ठेवावा. परीक्षेच्या दिवशी त्यातलीच एखादी शांत खोली देता आली तर घरच्या एकांताचा प्रश्नही सुटेल. दुसरी, विद्यार्थ्यांना महाविद्यालयाच्या नावाचे ई-मेल पत्ते द्यावेत. पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेत खाते उघडायला संस्थेचा पत्ता लागतो, खाजगी पत्ता चालत नाही. या एका क्षुल्लक अटीपाशी आमचे कित्येक दिवस गेले. तिसरी आणि महत्त्वाची, अर्थशास्त्र, भूगोल, इतिहास आणि मराठी या विभागांनी मिळून दरवर्षी आपल्या तालुक्याचा एक प्रश्न द्यावा: केळीचे भाव, मुलींची गळती, एस.टी.च्या फेऱ्या, विहिरींचे पाणी. विद्यार्थ्यांनी त्याची आकडेवारी मिळवावी, तपासावी, मांडावी आणि प्राध्यापकांसमोर उभे राहून मराठीत समजावून सांगावी. जे मराठीत समजावता येत नाही ते आपल्याला कळलेले नाही, असे खुशाल समजावे. त्यातले उत्तम काम या वार्षिकांकात छापावे.

मित्रमैत्रिणींनो, प्रश्नसंचाचा गठ्ठा पुढच्या वर्षी जुना होईल. कंपनी बटणांच्या जागाही बदलील. धुळ्याची रेषा खाली का गेली, हे ज्याने एकदा शोधून काढले त्याला पुढची कोणतीही रेषा सहज फसवू शकणार नाही. परीक्षेचा अर्ज भराच. पण भरण्याआधी आपल्या तालुक्याचा एक तक्ता उघडा आणि त्यातला एक तरी आकडा खरा आहे का, ते एखाद्या जाणत्या माणसाला जाऊन विचारा.