तंबूत एसी, पण समोरच्या पाण्याचं काय?

कॅम्पिंगची हौस आहे, पण चटईवर पाठ दुखते, डास फोडून काढतात आणि टॉयलेटचे वांधे! यावरचा तोडगा म्हणजे ग्लॅम्पिंग. ग्लॅमर अधिक कॅम्पिंग. राहायचं तंबूतच, पण आत पलंग, एसी, गरम पाणी. कच्छच्या रणोत्सवातली टेंट सिटी रीलमध्ये पाहिली असेलच.

आपल्या भंडाऱ्यात यासाठी जागा कमी नाहीत. शहराजवळ कोका अभयारण्य आहे, पवनीला किल्ला आणि जगन्नाथ टेकडीवरचे प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत. पण सगळ्यांचा डोळा आहे तो गोसीखुर्दच्या बॅकवॉटरवर. जून २०२४ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते इथल्या जलपर्यटन प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. त्याच वर्षी सुरू झालेल्या अंभोऱ्याच्या केबल पुलावर सेल्फीवाल्यांची गर्दी असतेच. म्हणजे काठावर तंबू आज ना उद्या येणार.

येऊ द्या की! पण त्या तंबूंच्या दारातून दिसणारं पाणी कसं आहे? नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला, आणि पुढे सगळं गोसीखुर्दच्या जलाशयात. तंबूतल्या शॉवरला फिल्टर बसवता येतो. नदीत जाळं टाकणाऱ्या ढिवर बांधवांनी काय करायचं? नाग नदी साफ होत नाही तोवर ‘लेक व्ह्यू’चे पैसे मोजणं म्हणजे नागपूरच्या गटाराचा शेवटचा टप्पा बघायला जाणं. कडू वाटेल, पण आहे हे असं आहे.

दुसरी गोष्ट रोजगाराची. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते या धरणाचं भूमिपूजन झालं. त्यात ज्यांची घरं-शेतं गेली, त्यांची नातवंडं आज तुमच्यासोबत कॉलेजात आहेत. टेंट साइट आल्यावर मॅनेजर बाहेरचा आणि गावातला पोरगा गेटवर शिट्टी घेऊन उभा, असं होऊ द्यायचं नसेल तर बोलायची वेळ आताच आहे. कंत्राट देतानाच अटी घालता येतात: बोट चालवणं, गाइडचं काम, स्वयंपाकघर यात प्रकल्पग्रस्तांना पहिली संधी, आणि त्याआधी रीतसर प्रशिक्षण. एकदा करारावर सह्या झाल्या की मग मोर्चे काढत बसावं लागतं. ग्रामसभेत प्रश्न विचारायला अठरा वर्षं पूर्ण आणि गावच्या मतदार यादीत नाव असलं की पुरे, डिग्री लागत नाही.