एका वाहिनीचा एक दिवस

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळी नदीच्या काठाने पसरलेला गार्डन रीच हा भाग कष्टकऱ्यांचा म्हणून ओळखला जातो. नदीलगत जहाजबांधणीचा सरकारी कारखाना, जवळच दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालय आणि त्यांच्या शेजारी मटियाबुर्ज ही शिंपीकाम करणाऱ्यांची दाट वस्ती. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये येथे आले आणि १८८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत बहुतांशी येथेच राहिले. त्यांच्या लवाजम्याबरोबर आलेली उर्दू आजही येथील गल्ल्यांत बंगालीच्या जोडीने ऐकू येते. मराठी माणसालाही हे ठिकाण अगदी अपरिचित नाही. जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेचे मुख्य ठाणे येथेच होते आणि नागपूर विभाग २००३ पर्यंत याच रेल्वेच्या कारभारात होता. नागपूर-गोंदियाकडच्या रेल्वे कर्मचाऱ्याला गार्डन रीच हे नाव कार्यालयीन पत्रांच्या माथ्यावर नेहमी दिसत असे.

अनेक भाषांच्या आणि अनेक धंद्यांच्या अशा वस्तीत सार्वजनिक दूरचित्रवाणी वाहिनीचा एक दिवस नेमका कोणासाठी असतो, याचा विचार करण्यासारखा आहे.

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी, तर कोलकाता केंद्र ९ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले. टॉलीगंजमधील एका चित्रपट स्टुडिओतून निघालेले ते चित्र काही किलोमीटरवरच्या गार्डन रीचपर्यंत पोहोचण्यास अडचण नव्हती. अडचण होती ती संचाची. संच महाग होता. त्यामुळे अनेक घरांत मिळून एक संच आणि त्याच्यासमोर दाटीवाटीने बसलेली माणसे, हे दृश्य तेथे काय आणि मुंबईच्या चाळींत काय, सारखेच होते.

या दाटीचा एक परिणाम झाला. ज्याला जे हवे तेच पाहण्याची सोय कोणालाही नव्हती. वाहिनी एकच, ती एकामागून एक जे दाखवील ते पाहायचे. मुलांच्या कार्यक्रमासाठी आलेले मूल शेतीच्या माहितीपर्यंत रेंगाळे, बातम्यांसाठी आलेले वडीलधारे त्याआधीचे गाणे ऐकून घेत. मुंबई केंद्रावरील ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम गिरणगावातही पाहिला जाई. गिरणी कामगाराला कपाशीवरील किडीशी काय कर्तव्य, असे वरवर वाटेल. परंतु तो कामगार कोकणातून वा घाटावरून आलेला असे. त्याचे आईवडील, भाऊ गावाकडे शेत कसत असत. तो कार्यक्रम त्याच्या दृष्टीने गावाकडून आलेल्या पत्रासारखाच होता. शिवाय ज्या सुताचा धागा तो दिवसभर यंत्रावर पाहत होता, तो कोणत्या शेतातून, कोणत्या कष्टाने येतो, हेही त्याला तेथेच कळत होते. कोलकात्यातही बिहारमधून आणि बंगालच्या खेड्यांतून आलेले गोदी कामगार होतेच.

सार्वजनिक वाहिनीचे खरे मोल या शेजारधर्मात आहे. शेतीला लागून संगीत, त्याला लागून बातम्या, पुढे नाटक, मग आरोग्याचा सल्ला, बहिऱ्यांसाठी सांकेतिक भाषेतील वार्तापत्र. दिवसाच्या पत्रिकेत हे सर्व एकाच ओळीत बसते. आपल्याला न मागता मिळालेले ज्ञान फार काळ टिकते, याचा अनुभव ज्यांनी शाळा अर्ध्यावर सोडली त्यांना अधिक असतो. पाठ्यपुस्तक हाती नसताना त्यांनी जे मिळवले, ते असेच येताजाता मिळवलेले असते.

मुंबई केंद्रावर आकाशानंद यांनी चालवलेला ‘ज्ञानदीप’ हा कार्यक्रम या दृष्टीने आठवावा असा आहे. कार्यक्रम पाहून झाला की विषय संपला, असे त्याचे स्वरूप नव्हते. प्रेक्षक पत्रे लिहीत, चर्चा करीत. पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी ‘ज्ञानदीप मंडळे’ स्थापन झाली आणि पडद्यावरील विषय त्यांनी आपापल्या वस्तीत कामाला लावले. मेक्सिको देशात १९७५-७६ मध्ये ‘वेन कोन्मिगो’ या मालिकेने असेच काम केले होते. त्या कथेतील पात्रे प्रौढपणी लिहायला-वाचायला शिकतात. अभ्यासाच्या पुस्तिका कोठे मिळतील, हे मालिकेच्या ओघातच सांगितले गेले, तेव्हा त्या केंद्रावर एवढी गर्दी लोटली की रस्ते अडले. त्याच धर्तीवरील प्रयोग भारतात व्हावा, ही कल्पना माहिती व नभोवाणी मंत्री असलेल्या वसंत साठे यांनी मेक्सिको भेटीनंतर उचलून धरली. पुढे ७ जुलै १९८४ पासून ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली, तिच्यामागे ही हकीकत आहे. करमणूक आणि शिक्षण यांत वैर आहे, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे.

अर्थात सार्वजनिक वाहिनीचे सगळेच गोड मानून घ्यावे असे नाही. कोलकाता केंद्र सुरू झाले तेव्हा देशात आणीबाणी लागू होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. त्या काळातील बातम्यांवर सरकारचा वरचष्मा किती होता, हे सर्वश्रुत आहे. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये संमत झाला. तो अमलात यायला १९९७ साल उजाडावे लागले. बातमी सरकारी वाहिनीवर आली म्हणून ती खोटी ठरत नाही आणि खासगी वाहिनीवर मोठ्या आवाजात सांगितली म्हणून खरीही ठरत नाही. प्रेक्षकाने दोन्हीकडे सारख्याच सावधपणे पाहिले पाहिजे. आणखी एक आक्षेप नीरसपणाचा. तो पुष्कळदा खरा असतो. टेबलामागे बसलेले तीन तज्ज्ञ आणि मधोमध कागदी फुलांची परडी एवढ्या सामग्रीवर अर्धा तास काढण्याचे धाडस सार्वजनिक वाहिनीच करू जाणे!

परंतु याहून गंभीर दोष वेगळा आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते. तो आहे वेळेचा.

मटियाबुर्जात घरोघरी शिलाईचे छोटे कारखाने आहेत. कामाचा मक्ता घेणाऱ्या उस्तादाला तेथे ‘ओस्तागर’ म्हणतात. त्याच्या हाताखाली कारागीर यंत्रावर बसतात. ईद आणि दुर्गापूजा जवळ आली की रात्र केव्हा सरते ते त्यांना समजत नाही. तयार कपड्यांचा मोठा हाट भरतो तो शनिवार-रविवारी. म्हणजे इतरांची सुट्टी हीच यांची धावपळीची घडी. आता वाहिनीची दिवसाची पत्रिका या कारागिराच्या बाजूने वाचून पाहावी. शैक्षणिक कार्यक्रम सकाळी उशिरा किंवा दुपारी. तेव्हा तो यंत्रावर. कुटुंबाने एकत्र बसून पाहावेत असे कार्यक्रम रविवारी. तेव्हा तो हाटात. रात्री यंत्र थांबते आणि तो जेवून बसतो, तेव्हा पडद्यावर दिवसा दाखवलेलेच काहीतरी पुन्हा चालू असते, आणि त्यात शिकण्यासारखे जे होते ते बहुधा वगळलेले असते. जहाज कारखान्यातील पाळीच्या कामगाराची स्थिती याहून फार निराळी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ पासून सुरू झाला. त्यातील विज्ञानपट उत्तम असत, पण त्याचीही वेळ दुपारचीच होती. ज्यांना महाविद्यालयात जाता आले नाही ते लोक त्या वेळी कामावर होते.

वेळ जुळवणे अशक्य असते, असे नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत जो दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला, त्यात रोज चार तासांचे प्रक्षेपण होते. दीड तास सकाळी, शाळेतील मुलांसाठी. अडीच तास संध्याकाळी, शेतावरून परतलेल्या प्रौढांसाठी. प्रेक्षकाचा दिवस आधी पाहिला आणि मग पत्रिका आखली. संच गावाच्या मालकीचा, चित्र कृष्णधवल, वर्ष एकच; तरीही त्या प्रयोगाने ही एक गोष्ट बरोबर ओळखली होती. पुढे साधने वाढत गेली आणि ती दृष्टी मात्र अधू झाली.

साधने वाढली ती किती, हे थोडक्यात सांगता येईल. मराठी कार्यक्रम उपग्रहावरून देशभर दिसू लागले आणि ५ एप्रिल २००० पासून त्या वाहिनीला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मासिक शुल्क नसलेली थेट घरपोच सेवा सुरू झाली. छोटी छत्री बसवण्याचा एकदाचा खर्च केला की पुढे पैसे भरावे लागत नाहीत. गार्डन रीचच्या रेल्वे वसाहतीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला आपल्या भाषेतील बातम्या ऐकण्याचा आणि शेजारच्या गल्लीत २००६ मध्ये सुरू झालेली उर्दू वाहिनी पाहण्याचा मार्ग अशा साधनांनी मोकळा केला. शिक्षणासाठी ‘ज्ञानदर्शन’ २००० पासून, शेतकऱ्यांसाठी ‘किसान’ वाहिनी २०१५ पासून स्वतंत्रपणे चालू झाली. हे स्वागतार्हच आहे. मात्र प्रत्येक विषयाला वेगळे घर मिळाले, तसा जुना शेजार मोडला. शेतीची वाहिनी शेतकरी पाहणार, शिक्षणाची वाहिनी विद्यार्थी पाहणार. शिंप्याला कपाशीची आणि शेतकऱ्याला शिलाईची वार्ता कोण देणार? भ्रमणध्वनीने तर ही वाटणी माणसामाणसांत केली. एकाच कारखान्यात बसलेले चार कारागीर आज चार पडद्यांवर चार गोष्टी पाहतात, आणि काल जे पाहिले त्याच्यासारखेच आज पुढे येत राहते.

२०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा सर्वांना समान दिसणाऱ्या वाहिनीची आठवण पुन्हा झाली. ‘सह्याद्री’वर जुलैपासून ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका दाखवण्यात आली. ज्या घरात एकच भ्रमणध्वनी होता आणि तोही वडिलांबरोबर कामावर जात असे, त्या घराला तिचा उपयोग अधिक होता. मुलाशेजारी बसून एखाद्या आईनेही आपले राहून गेलेले धडे त्या निमित्ताने पाहिले असतील, तर त्यात नवल नाही. तिच्यासाठी म्हणून मात्र कोणी काही आखले नव्हते.

म्हणून मागणी नव्या वाहिनीची नको. आहे त्याच सर्वसाधारण वाहिनीवर, बातम्या आणि मालिका यांच्या मध्ये, रात्री साडेदहाच्या सुमारास अर्धा तास प्रौढ विद्यार्थ्यांना मिळावा. त्यात कधी अर्ज कसा लिहावा हे असावे, कधी मापाचे गणित, कधी एखादी कविता समजावून सांगावी, कधी शिलाईकामाची मजुरी कशी ठरते यावर चर्चा व्हावी. आणि ज्याला शिकायचे नाही त्यानेही सहज पाहावे इतके ते रंजक असावे. जाहिरातींचे उत्पन्न त्या वेळी बुडेल, असे सांगितले जाईल. दूरदर्शनने जाहिराती घेण्यास १ जानेवारी १९७६ रोजी सुरुवात केली, त्यापूर्वीही कार्यक्रम होतच होते. मटियाबुर्जातील यंत्रांची घरघर रात्री थांबते तेव्हा कारागीर सुया पुसून ठेवतात, कापडाचे गठ्ठे बाजूला सारतात आणि त्याच जागेवर सतरंजी अंथरतात. कोपऱ्यातला संच त्या वेळी बहुधा चालूच असतो.