स्वस्तातल्या मोटारीचा महागडा हिशेब

हौसेला मोल नसते, असे आपण मोठ्या उदारपणे म्हणतो. परंतु ज्या हौसेला चार चाके असतात तिला मोल असते, आणि ते एकदाच देऊन भागत नाही. बुटक्या बांध्याच्या, दोन दारांच्या, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दृष्टीआड होणाऱ्या परदेशी मोटारी एके काळी नाचणगावकराने चित्रपटाच्या पडद्यावरच पाहाव्यात इतक्या दूरच्या होत्या. आज त्यांची छायाचित्रे त्याच्या हातातल्या भ्रमणध्वनीवर येऊन थांबतात आणि खाली लिहिलेली किंमत पाहून तो चकित होतो. नव्या लहान मोटारीला जे पैसे पडतात तेवढ्यातच ही राजेशाही थाटाची मोटार दारात उभी राहणार असेल, तर मोह कोणाला होणार नाही? प्रश्न मोहाचा नाहीच. प्रश्न आहे तो हिशेबाचा, आणि तो हिशेब विक्रेत्याच्या जाहिरातीत कधीही दिलेला नसतो.

या मोटारी इतक्या स्वस्त का होतात, हे आधी पाहावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांना बंदी केली; सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब केले. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा वाहनांना इंधनच न देण्याचा प्रयोग झाला, तो काही दिवसांतच थांबवावा लागला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असा आदेश न्यायालयाने दिला. नियम असे मागेपुढे होत राहिले. परंतु दिल्लीच्या धनिकाने घ्यायचा तो धडा घेतला होता. ज्या मोटारीचे तेथील आयुष्य सरत आले ती मिळेल त्या किमतीला अन्य राज्यांत पाठवावी, हा व्यवहार रूढ झाला. इकडे वर्धा जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी आणि जून २०२५ मध्ये मुंबईपर्यंतचा उरलेला मार्ग खुला झाला. तिकडे स्वस्त मोटार आणि इकडे मोकळा रस्ता, असा हा योग जुळून आला आहे.

आता मूळ मुद्दा. मोटारीची किंमत वयाबरोबर उतरते. तिच्या देखभालीचा खर्च मात्र उतरत नाही, किंबहुना चढतो. समजा, नवी असताना चाळीस लाखांना मिळणारी मोटार बारा वर्षांनी सहा लाखांत मिळाली. घेणारा मनात म्हणतो, मी सहा लाखांची गाडी घेतली. वस्तुतः त्याने चाळीस लाखांची गाडी घेतलेली असते; तिचे फक्त आसन आणि पत्रा सहा लाखांचे झालेले असतात. तिचा टर्बोचार्जर, तिचा गिअरबॉक्स, तिच्या ब्रेकच्या चकत्या, तिचे दिवे हे सारे आजही चाळीस लाखांच्या मोटारीचेच सुटे भाग आहेत. ते परदेशातून येतात, त्यांच्यावर आयात शुल्क पडते, आणि कारखान्याच्या लेखी गाडी कितव्या मालकाकडे आहे याला काहीही महत्त्व नसते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आपल्या आजीने मोटार न पाहताच रचली. परंतु तिला मोटारीचे अर्थशास्त्र अचूक कळले होते, असे म्हणावे लागते.

शिवाय हे भाग झिजण्याची वेळही ठरलेली असते. रबरी नळ्या, प्लॅस्टिकच्या कूलंट टाक्या, इंजिनाचे पट्टे, झटके झेलणारे शॉक ॲब्सॉर्बर ही सारी मंडळी साधारण दहा-बारा वर्षांत थकतात. म्हणजे पहिल्या मालकाने मोटारीचे निरोगी तारुण्य उपभोगावे आणि तिसऱ्या मालकाने तिच्या म्हातारपणाचे औषधपाणी करावे, अशी ही वाटणी आहे. त्यात वेगासाठी बांधलेल्या मोटारीत जागा इतकी चेपून वापरलेली असते की, किरकोळ भाग बदलण्यासाठीसुद्धा अनेकदा अर्धे इंजिन मोकळे करावे लागते. भागाची किंमत थोडी आणि मजुरी अधिक, असा उलटा प्रकार होतो. पोर्श कंपनीच्या १९९७ नंतरच्या काही वर्षांतील इंजिनांचे उदाहरण जगभर प्रसिद्ध आहे. आतल्या एका दांड्याचे लहानसे बेअरिंग निकामी झाले की सगळे इंजिनच बाद होण्याची वेळ येई. हे प्रकरण अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेले आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. अशा गाड्या स्वस्त का मिळतात हे ज्याला माहीत असते, तोच त्या घ्याव्यात की नाहीत हे ठरवू शकतो.

आणि येथेच ज्ञानाचा प्रश्न येतो. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये नेमका जुन्या मोटारींचाच बाजार डोळ्यांसमोर ठेवून एक निबंध लिहिला. विषय अतिसामान्य आहे, अशा समजुतीने काही नियतकालिकांनी तो आधी नाकारला होता. पुढे याच विचारासाठी त्याला २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक इतर दोघांसमवेत मिळाले. त्याचे म्हणणे साधे आहे. गाडीचा खरा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे घेणारा सर्वच गाड्यांना सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात उरतात त्या प्रामुख्याने सदोष गाड्या. बैलबाजारात आपला शेतकरी बैलाचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, खुरांवर हात फिरवतो. कारण हे शास्त्र त्याला बापजाद्यांकडून मिळालेले असते. जमीन घेताना तो सातबारा काढतो, बोजा पाहतो. तोच सुज्ञ माणूस मोटार घेताना मात्र रंगावर आणि आवाजावर भाळतो. मोटारीचे दात कोणी पाहावेत?

खर्च टाळता येतो, असे कोणी म्हणेल. आणि खरा धोका येथून सुरू होतो. ज्याच्याकडे सहा लाख होते आणि ते सर्व गाडीत गेले, तो ब्रेकच्या चकत्या व टायर यांची दुरुस्ती पुढच्या हंगामावर ढकलतो. नियमाने मोटारीच्या टायरच्या खाचेची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. वेगवान मोटारींचे रुंद व बुटके टायर महाग असतात आणि चारही एकदम बदलावे लागले की, तेवढ्या पैशांत गावातल्या एखाद्या विद्यार्थ्याची वर्षाची फी भागेल. म्हणून ते घासून गुळगुळीत होईपर्यंत चालवले जातात. एरवी गावच्या खडबडीत रस्त्यावर हे खपून जाते; परंतु समृद्धीवर ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीचे तापलेले, जुने टायर माफी देत नाहीत. २०२३ मध्ये परिवहन खात्याला या महामार्गावर टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली, ती उगाच नव्हे. थकलेली दुरुस्ती हे असे कर्ज आहे की, ज्याची वसुली बँक करीत नाही, रस्ता करतो. आणि ती वसुली कधी कधी दुसऱ्याच कुटुंबाकडून होते.

विम्याचा आधार आहेच, असे समजणाऱ्यांनी आपली पॉलिसी एकदा वाचावी. सर्वसाधारण मोटार विम्यात रबरी व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. धातूच्या भागांवर गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर ४० टक्के आणि दहा वर्षांपुढे ५० टक्के. हा घसारा माफ करणारी जादा सवलत जुन्या गाड्यांना सहसा मिळत नाही. आणि यंत्र आपोआप झिजून बंद पडले तर विमा मुळीच लागू होत नाही. तो अपघातासाठी असतो, वार्धक्यासाठी नव्हे. परराज्यातून आणलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ येथे ठेवायची तर मोटार वाहन कायद्यानुसार नवा क्रमांक घ्यावा लागतो. वर्ध्याचा एमएच ३२ लागण्याआधी ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर यांची पूर्तता करावी लागते. गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणीचे नूतनीकरण आले. वीस वर्षांपुढील मोटारीसाठी त्याचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दुप्पट करून १०,००० रुपये करण्यात आले, आणि आयात केलेल्या मोटारीसाठी ८०,००० रुपये. जुन्या पेट्रोल गाडीला आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले इंधन घ्यावे लागते. त्यामुळे काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग बदलावे लागतील, हे सरकारनेच सांगितले आहे. यातले एकेक कलम लहान आहे. परंतु बेरीज लहान नाही.

नाचणगावकराच्या हिशेबात आणखी एक रकाना आहे, तो म्हणजे अंतर. गाव देवळी तालुक्यात, पुलगावला लागून. तेथील गॅरेजमधले मिस्त्री कसबी आहेत. ट्रॅक्टर, जीप, दुचाकी यांच्या नाड्या ते बोटांनी ओळखतात. परंतु परदेशी मोटारीचा दोष आज कानाने कळत नाही. तो संगणकाला विचारावा लागतो, आणि तो संगणक व त्याची गुरुकिल्ली कंपनीच्या हाती असते. म्हणून शंभरएक किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. बंद पडलेली गाडी ट्रकवर लादून नेण्याचे भाडे हा दुरुस्तीचा पहिला हप्ता ठरतो. पुढे भाग येईपर्यंत गाडी तेथे पडून राहते आणि कर्जाचे हप्ते इकडे चालू राहतात. जुन्या गाडीच्या कर्जाचे व्याज नव्यापेक्षा सहसा चढे असते, हेही विसरू नये. कापूस आणि सोयाबीन यांच्या भावावर ज्याचे वर्ष अवलंबून आहे, त्या घरात अनपेक्षित लाखाचा खर्च म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. तो बियाण्यातून, शिक्षणातून किंवा औषधातून काढावा लागतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. वेगाचा आनंद काय फक्त धनिकांनीच घ्यावा? लहान गावातल्या तरुणाने सुंदर वस्तूची आस धरूच नये काय? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. जुनी वस्तू वापरणे ही शहाणपणाची व काटकसरीची गोष्ट आहे. आपल्या देशाने अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी अनेक हातांतून वर्षानुवर्षे चालवल्या. परंतु त्या का चालल्या? त्यांचे यंत्र उघडे होते, सुटे भाग कोपऱ्यावर मिळत आणि कोणत्याही मिस्त्रीला ते बसवता येत. उत्तरपाड्यातील अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी तिची दुरुस्ती थांबली नाही. तेव्हा जुनेपण हा दोष नाही; ज्याची दुरुस्ती आपल्या आवाक्यात नाही ते जुनेपण हा दोष आहे. सुंदर वस्तू परवडते की नाही, हे तिच्या खरेदीने ठरत नाही, तिच्या आजारपणाने ठरते.

मग करावे काय? सारा भार एकट्या ग्राहकाच्या शहाणपणावर टाकणे अन्यायाचे होईल. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे मूळ सूत्रच असे की, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. परंतु ज्याचे झाकण उघडण्याचीच सोय नाही तेथे डोळे उघडे ठेवून काय उपयोग? अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९८४ मध्ये नियम केला की, जुन्या मोटारीच्या व्यापाऱ्याने काचेवर पत्रक लावून ती हमीसह आहे की आहे त्या स्थितीत, हे स्पष्ट लिहावे. आपल्याकडे २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना अधिकृत नोंदणीच्या चौकटीत आणण्यात आले. कागदपत्रांची शिस्त त्याने येईल. परंतु गाडीची प्रकृती कशी आहे हे लिहून देण्याचे बंधन त्याला जोडले पाहिजे. ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटार क्षेत्राचा समावेश केला. आता त्या हक्काला कायद्याचे दात हवेत. दोष शोधण्याची साधने व माहिती रास्त दरात खुली झाली तर पुलगावचा मिस्त्री नागपूरच्या तोडीचे काम करील, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकलेल्या मुलांना गावातच रोजगार मिळेल.

तोपर्यंत घेणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या जाणकाराकडून गाडी तपासून घ्यावी; त्याची फी वाया गेली असे कधीच होत नाही. सरकारच्या वाहन नोंदींत बोजा, विमा आणि थकलेला दंड पाहावा. टायरवरील चार आकडी खुणेत तो कोणत्या आठवड्यात व वर्षात बनला हे लिहिलेले असते, ते वाचावे. दुरुस्तीच्या जुन्या पावत्या मागाव्यात. पावत्या नसतील तर दुरुस्ती झालीच नाही असे धरावे. आणि सौद्याला बसण्यापूर्वी खरेदीच्या निम्मी रक्कम वेगळी काढून ठेवता येते की नाही, हे पाहावे. ती काढता येत नसेल, तर ती गाडी आपल्याला परवडत नाही. मग विक्रेता आणखी पन्नास हजार कमी करो वा लाख. गावातल्या तरुणाने वेगाने जावे, दूर जावे. परंतु ज्या वाहनाला वेळेवर थांबवता येईल आणि मोडले तर गावात दुरुस्त करता येईल, अशाच वाहनाने जावे.