पाळणाघराची एक्सेल शीट

लोहाऱ्याला पोचून तास झाला नाही तोच अंगणवाडीच्या ताई रजिस्टर आणि मोबाईल घेऊन हजर. पोरगी इथली नाही, पुण्याची आहे, चार दिवसांसाठी आलीय असं सांगून पाहिलं, तरी वजन करूनच गेल्या. सात किलो शंभर. जाताना आईला विचारलं, "तिकडं लेकराला कोण सांभाळायलंय मग?" आईने माझ्याकडे बघितलं. मी मोबाईलकडे.

या प्रश्नात माझे सलग सहा वीकेंड गेलेत, त्यामुळे आज ओट्यावर बसून जे लिहितोय ते चिडून लिहितोय. आधीच सांगितलेलं बरं.

बायकोची २६ आठवड्यांची रजा संपत आली तेव्हा मी आपल्या जमातीला शोभेल असंच केलं. एक्सेल उघडली. वाकड, पिंपळे सौदागर, बाणेर मिळून अकरा पाळणाघरं. कॉलम केले: फी, वेळ, घरापासूनचं अंतर, एका बाईकडे किती बाळं, तिचं प्रशिक्षण, ती इथे किती महिने टिकली आहे, बाळाला ताप आला तर काय करतात, परवाना क्रमांक. प्रत्येक कॉलमला वेटेज द्यायचं, सॉर्ट मारायचं आणि वरची तीन बघून यायची असा प्लॅन होता. फ्रिज असाच घेतला होता.

पहिले तीन कॉलम एका दुपारी भरले. पुढचे आजही रिकामे आहेत.

फोनवर "एका मावशींकडे किती बाळं?" असं विचारलं की पलीकडून "सर, तुम्ही व्हिजिटला या ना" असं उत्तर यायचं. व्हिजिटला गेलो की भिंतीवर जिराफ, कोपऱ्यात कॅमेरा, हातात ब्रोशर. त्यात 'ब्रेन डेव्हलपमेंट' हा शब्द एका पानावर चार वेळा. आतल्या खोलीत मी स्वतः मोजली तेव्हा दोन मावश्या आणि तेरा बाळं होती, त्यातली एक मावशी डबे गरम करत होती. म्हणजे हिशोब तुम्हीच करा. दुसऱ्या एका ठिकाणी मी परवाना मागितला तर मॅडमनी कौतुकाने फ्रेम केलेला कागद काढून दिला. शॉप अ‍ॅक्टच्या इंटिमेशनची पावती! वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या कुठल्याही दुकानाला ऑनलाइन अर्ज भरून मिळते ती. मोबाईल रिपेअरवाल्याकडेही तीच असते. त्या बाई खोटं बोलत नव्हत्या हो. त्यांना खरंच वाटत होतं की हाच परवाना. कारण दुसरा कुठला मागायला कधी कोणी आलंच नव्हतं.

आणि येणार तरी कसं? महाराष्ट्रात खाजगी पाळणाघर काढायला पाळणाघर म्हणून वेगळा परवाना लागतच नाही. रिकामा फ्लॅट, दोन गाद्या, व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात, झालं. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. २०१८ मध्ये केंद्राने पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वंही काढली. तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक प्रशिक्षित कार्यकर्ती, असं त्यात प्रमाण आहे. (इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या ३ बाळांमागे एक माणूस लागतो, आणि तपासणीचा अहवाल कोणीही घरबसल्या वाचू शकतो. ऑनसाइट जाऊन आलेल्या मित्राने हे सांगितलं तेव्हा मला आधी तो बढाई मारतोय असं वाटलं.) पण आपली ही तत्त्वं कंपन्यांनी चालवायच्या पाळणाघरांसाठी. गल्लीतल्या फ्लॅटला ती कोण लावणार? २०२५ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने खाजगी बालवाड्यांना पोर्टलवर नोंदणी करायला लावली, तीही ३ ते ६ वयाच्या मुलांसाठी. सात महिन्यांचं बाळ कुठल्याच खात्यात बसत नाही.

आता हे बघा. ज्या सोसायटीत आम्ही फ्लॅट घेतला तिचा महारेरा क्रमांक मला तोंडपाठ आहे. बिल्डरने ताबा कधी द्यायचा कबूल केला, किती मजले मंजूर आहेत, सगळं साइटवर दिसतं. २०१७ च्या आधी हेही दिसत नव्हतं. कायद्याने दाखवायला लावलं तेव्हा दिसायला लागलं. कोपऱ्यावरच्या वडापाववाल्यालासुद्धा अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, १४ आकडी नंबर असतो तिचा. त्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर स्वतःची मानही धड न सावरणारी बाळं रोज दहा तास ठेवली जातात, तिथे नंबरही नाही आणि तपासणीही नाही. वडा बिघडला तर एक दिवस पोट दुखेल!

"अरे मग अ‍ॅप काढ ना, डे-केअरचं झोमॅटो!" हा सल्ला मला आतापर्यंत पाच जणांनी दिलाय, पाचही आपल्यातलेच. मित्रांनो, रेटिंग देणार कोण? जेवणारा ताट बघतो, चव घेतो आणि मग तारे देतो. इथे ज्याला सेवा मिळते त्याला बोलता येत नाही. आईबापाला दिसतो तो फक्त दरवाजा, सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला. ज्याला शंका आली तोही वाईट रिव्ह्यू लिहीत नाही, कारण उद्या पोरगं तिथेच ठेवायचंय. माझ्या यादीतल्या अकरापैकी नऊ जणांना साडेचारच्या वर तारे होते. कॅमेऱ्याचंही तेच. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली, ती सीसीटीव्हीत दिसली, देशभर दाखवली गेली. कॅमेरा तेव्हाही होता. मारहाण झाल्यावर ती बघायला मिळाली, एवढाच त्याचा उपयोग झाला. मग नियमावलीची भाषा झाली, आठवडाभर चॅनेलवर चर्चा झाल्या, आणि मी आज रिकामा कॉलम घेऊन बसलोय.

माहिती गोळा करायला वेबसाइट पुरते. पण ती आधी कोणीतरी सक्तीने द्यायला लावावी लागते. तेव्हा मागणी साधी आहे. महापालिकेने पाळणाघरांची नोंदणी करावी. बाळं किती, बायका किती, त्यांचं प्रशिक्षण काय, शेवटची तपासणी कधी झाली, एवढं साइटवर टाकावं आणि दारावर लावावं. न सांगता तपासणीला जावं.

यावर लगेच "इन्स्पेक्टर राज येईल, हप्ते सुरू होतील, घरी चार पोरं सांभाळणाऱ्या काकू बंद पडतील" असं म्हणतील. काकूंची काळजी मलाही आहे, माझ्या यादीतली सगळ्यात बरी वाटलेली जागा एका काकूंचीच होती (त्यांच्याकडे जागा नव्हती, अर्थातच). पण अन्नाच्या कायद्यात छोट्यांना साधी नोंदणी आणि मोठ्यांना परवाना अशा पायऱ्या आहेतच की. पाच मुलांपर्यंत नुसती नोंदणी ठेवा. हप्त्याच्या भीतीने आपण बांधकाम परवाने रद्द केलेत का?

राहिला तो जुना सल्ला: "आईला बोलावून घे. पूर्वी कुठे होती पाळणाघरं?" पूर्वीचं काय सांगता, आजचं बघा. आमच्या तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोड्या जातात, त्यांची तान्ही पोरं फडाच्या कडेला झोळीत असतात. कामाला जाणाऱ्या बाईच्या बाळाकडे कोणी बघायचं हा प्रश्न आयटीने आणलेला नाही. सरकारलाही तो माहीत आहे. २०२२ पासून पाळणा योजनेत देशभरात १७,००० अंगणवाडी-पाळणाघरांचं उद्दिष्ट आहे. आमच्या गल्लीतल्या ताईंकडे मात्र तीन वर्षांखालच्या लेकरांसाठी वजनकाटा आणि घरी न्यायची आहाराची पाकिटं आहेत. दिवसभर सांभाळ नाही. पण निदान लेकरू रजिस्टरमध्ये आहे!

आणि आईला बोलावून घ्यायचं म्हणजे काय, हेही बोलू. आई ६३ वर्षांची आहे, गुडघे गेलेत, आमचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. आमच्या गल्लीत अशी तीन घरं आहेत जिथे फक्त आजोबा उरलेत, आजी पुण्याला किंवा हैदराबादला नातवंडं सांभाळायला. एक आजोबा दोन्ही वेळचा डबा मागवतात. या आज्यांचा पगार कुठल्या शीटमध्ये धरायचा? सरकारचं आणि कंपन्यांचं जे काम, ते आपण गुपचूप त्यांच्या गुडघ्यांवर टाकलंय, आणि वर त्याला संस्कार म्हणतो.

काल रात्री आईला म्हटलं, अजून दोन ठिकाणं बघायची आहेत, थोडं थांब. ती म्हणाली, "तू बघ की निवांत. तवर मी येते." अण्णा काहीच बोलले नाहीत. सोयाबीनची रास अजून व्हायची आहे, मजूर मिळत नाहीत.

सकाळी उठून बघतो तर तिने बॅग भरून दारात ठेवली होती. सोमवारी पहाटे निघतोय. अण्णांना कुकर कसा लावायचा ते मी आज दुपारी शिकवणार आहे.