सशाला आंघोळ नको, गवत द्या

ईदीच्या पैशांतून मुलीने ससा आणला. पावसाळ्यात त्याच्या शेपटीखालचे केस मऊ लेंड्यांनी चिकटून गुठळी झाली. "अब्बू, याला पाक करू या," म्हणत तिने बादली भरली. मी अडवलं. पूर्ण भिजवलेला ससा घाबरून, गारठून दगावू शकतो.

कोमट पाण्याच्या फडक्याने तेवढीच जागा ओली केली, गुठळी बोटांनी हळूहळू सोडवली, मग टॉवेलने पार कोरडं केलं. कात्री लावली नाही; सशाची कातडी पातळ, केसांबरोबर चिरली जाते. टाळाटाळही परवडत नाही. घाणीवर माशी अंडी घालते, दिवसभरात अळ्या होतात आणि जिवंत मांस पोखरतात. अळी दिसली तर तडक जनावरांचा डॉक्टर गाठावा.

मुळात ससा घाणेरडा नसतो. तो स्वतःला चाटून साफ ठेवतो, मऊ लेंड्या तर तिथूनच तोंडाने उचलून खातो. (मुलीने नाक मुरडलं, पण त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात.) आम्हीच लाडाने गाजरं, बिस्किटं चारली. पोट बिघडलं, अंग सुटलं, तोंड मागे पोचेना. दोष आमचा, आणि नापाक ठरला ससा!

आता पिंजऱ्यात सुकं गवत भरपूर असतं. शेपटीखाली बघायची रोजची पाळी मुलीची.