आशेची छाटणी

दिवाळीत सांगलीहून साताऱ्याला ताईकडे गेलो होतो. फराळाची ताटे पुढे आली आणि दाजींनी नेहमीचा विषय काढला, ‘अरे, आपली कंपनी आता वळणावर आलीय. एक औषध पास होऊ दे, मग बघ!’

दाजी निवृत्त मुख्याध्यापक. ग्रॅच्युइटीतला मोठा हिस्सा त्यांनी जैवतंत्रज्ञानातल्या एका लहानशा कंपनीच्या शेअरमध्ये घातला आहे. भाव निम्म्यावर आला तेव्हा त्यांनी आणखी घेतले. हे ‘वळण’ मी गेल्या चार दिवाळ्या ऐकतो आहे. विषय निघाला की ताई हमखास काहीतरी आणायला आत जाते.

दाजींची आशा अगदीच वेडी आहे, असे मी म्हणणार नाही. अशी वळणे खरोखर येतात. अमेरिकेतल्या नोव्हावॅक्स कंपनीचेच पाहा. १९८७ साली निघालेल्या या कंपनीला तीस वर्षांत आपली एकही लस बाजारात आणता आली नव्हती. श्वसनमार्गाच्या एका विषाणूवरची तिची लस २०१६ मध्ये मोठ्या चाचणीत फसली, २०१९ मध्ये पुन्हा फसली. त्याच वर्षी मे महिन्यात वीस शेअरचा एक शेअर करण्याची पाळी आली. पुढे कोविड आला. २०२० च्या आरंभी चार-पाच डॉलरला मिळणारा शेअर फेब्रुवारी २०२१ मध्ये तीनशे डॉलरच्या वर गेला. तीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोव्होवॅक्स’ नावाने तयार केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिला भारतात आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली.

दाजी ही गोष्ट इथेच थांबवतात. पण ती पुढे आहे. परवानग्या मिळेपर्यंत दुसऱ्या लसी जगभर पोचल्या होत्या. २०२२ सरताना शेअर दहा डॉलरच्या आसपास आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपण टिकून राहू की नाही, याबद्दल कंपनीनेच शंका जाहीर केली. मे २०२४ मध्ये सनोफीशी करार होताच भाव एका दिवसात जवळजवळ दुप्पट झाला, तरी तो दहा डॉलरच्या आतच होता. तीनशेला घेणाऱ्याने त्यात काय आनंद मानायचा?

आणि गंमत अशी, की विज्ञान हरले नव्हते. याच कंपनीचा एक घटक सीरम तयार करीत असलेल्या मलेरियाच्या लशीत आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या लशीची शिफारस केली. लस मुलांच्या कामी आली, भागधारकाचे पैसे मात्र गेले. औषधाचे यश आणि शेअरचे यश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच आपण विसरतो.

२०१९ मध्ये इस्लामपूरच्या कडकनाथ कोंबडीपालन योजनेत आपल्याकडच्या कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे अडकले. तिथे निदान तक्रार करायला समोर कोणीतरी होते. इथे कंपनी प्रामाणिक, शास्त्रज्ञ कष्टाळू, आणि तरीही पैसे जाऊ शकतात. मग बोल कोणाला लावायचा?

म्हणून आशाच धरू नये का? जरूर धरावी. पण तासगावचा द्राक्षबागायतदार धरतो तशी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड लागले की तो सगळे ठेवत नाही, वेलीला पेलतील तेवढेच ठेवतो. बाकीचे वाईट असतात म्हणून नव्हे, सगळेच ठेवले तर एकही नीट भरणार नाही म्हणून. घरच्या पुंजीचेही तसेच आहे. बुडाले तरी दवाखाना, लग्नकार्य अडणार नाही, एवढाच पैसा अशा कंपनीत असावा. शिवाय कोणत्या चाचणीचा निकाल कधीपर्यंत आला नाही तर आपण बाहेर पडणार, हे आधीच ठरवावे. नाहीतर प्रत्येक पडझड हे नवे ‘वळण’ वाटू लागते.

निघताना दाजींना एवढेच विचारले, ‘तुम्ही किती दिवस वाट पाहणार, ते ठरवलंय का?’ दाजी चष्मा पुसत राहिले. ताई डबा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, ‘सांगा, मी कॅलेंडरवर लिहून ठेवते.’

चार दिवाळ्यांत त्या कंपनीबद्दल ती प्रथमच बोलली होती.