वसईच्या मृत्युनोंदी: दप्तरे आहेत, वाट नाही

घराण्याचा इतिहास शोधू पाहणाऱ्या माणसाची खरी अडचण जन्माच्या तारखेपाशी होत नाही, ती मृत्यूच्या तारखेपाशी होते. आजोबांचा जन्म कोणत्या सुमारास झाला हे शाळेच्या दाखल्यावरून निदान अंदाजाने तरी सांगता येते. पणजोबा केव्हा वारले, कोठे वारले, कशाने वारले, या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर बहुतेक घरांत मिळत नाही. ‘साथीत गेले’ किंवा ‘आत्याच्या लग्नाआधी गेले’ एवढे सांगणारे कोणी उरले असेल तर ते भाग्यच म्हणायचे. अशा वेळी माणूस दप्तराकडे वळतो. वसई-विरार परिसराचे वैशिष्ट्य असे की येथे दप्तरांची वाण नाही. चर्चची पुस्तके, तीर्थोपाध्यायांच्या वह्या, महसुली नोंदी, ग्रामपंचायतीची आणि नगरपालिकांची रजिस्टरे, अशी नाना परंपरांची कागदपत्रे एकाच तालुक्याच्या माणसांविषयी बोलतात. मात्र त्यांतले काय कोठे आहे आणि कोणत्या वर्षापासून आहे, हे सांगणारी एखादी साधी सूची सामान्य माणसाच्या हाती पडत नाही, आणि सारा घोळ तेथे आहे.

ख्रिस्ती समाजापासून आरंभ करणे योग्य, कारण त्यांच्याकडील लेखनाची शिस्त सर्वांत जुनी. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन शतकांत रोमन चर्चचे नियम येथे रुजले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदी ठेवण्याचे बंधन घातले. मृतांची पुस्तकेही ठेवावीत हे १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने ठरवून दिले. पापडी, सांडोर, माणिकपूर, निर्मळ, नंदाखाल, आगाशी येथील धर्मग्रामांत आजही बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांचा हिशेब स्वतंत्र पुस्तकांत ठेवला जातो, तो या जुन्या आज्ञेचाच वारसा होय. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला. त्यापूर्वी हा प्रदेश मुंबईच्या सरधर्मप्रांतात होता. मुंबई परिसरात तर १९२८ पर्यंत पोर्तुगालचा पाद्रोआदो आणि रोमची प्रोपगंडा अशी दुहेरी धर्मसत्ता नांदत होती. त्यामुळे जुना कागद गावच्या चर्चमध्ये नसला म्हणजे तो नष्टच झाला, असे मानण्याचे कारण नाही. तो मुंबईत असू शकतो, गोव्यातही असू शकतो.

वसईच्या किल्ल्यातील भग्न चर्चच्या फरशीत बसविलेल्या पोर्तुगीज थडग्यांचे लेख डॉ. गर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली आपल्या चौल-वसईवरील इंग्रजी ग्रंथात टिपून ठेवले. ते वाचनीय आहेत, पण ते सरदार-दरकदारांचे लेख होत. बावखलाच्या पाण्यावर केळीची बाग जोपासणाऱ्या कुपारी शेतकऱ्याचे नाव कोणी दगडावर कोरले नाही. दफनभूमीत जागा अपुरी पडू लागली की जुनी थडगी पुन्हा वापरावी लागतात, त्यामुळे लाकडी क्रुसावर रंगवलेले नावही फार दिवस टिकत नाही. त्या शेतकऱ्याची एकमेव खूण म्हणजे धर्मगुरूने लॅटिन किंवा पोर्तुगीज वळणाने लिहिलेली एक ओळ.

ती ओळ सापडली तरी काम संपत नाही. घरी ‘दुमगा’ म्हणून ओळखला जाणारा माणूस पुस्तकात दोमिंगोस किंवा दोमिनिकुस असतो. एकाच गावात एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे चार-चार गृहस्थ असतात, कारण बाप्तिस्म्याची नावे मोजकी आणि पोर्तुगीज आडनावेही मोजकीच. गावकरी त्यांना घराण्याच्या टोपणनावाने, आळीवरून किंवा बापाच्या नावावरून वेगळे ओळखत. ते टोपणनाव पुस्तकात क्वचितच सापडते. पुस्तकातील दोमिंगोस आणि आळीतील दुमगा हे एकच, असे खात्रीने सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. कागद आणखी पन्नास वर्षे टिकेल. या माणसांविषयी तसे म्हणता येत नाही.

हिंदू घरांत परिस्थिती उलट आहे. तेथे तिथी राहते आणि साल जाते. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह यांची नावे उच्चारली जातात. ‘भाद्रपद वद्य पंचमी’ हे घरातील सुनेलाही पाठ असते, पण ती पंचमी कोणत्या शकातली हे विचारले की सारे गप्प. साल हवे असेल तर त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे जावे. गाव आणि आडनाव सांगितले की ते वही काढतात. त्या कुटुंबातील कोण, केव्हा, कोणाच्या अस्थी घेऊन आला होता आणि सोबत कोण होते, हे बऱ्याच वेळा आलेल्या माणसाच्या स्वहस्ताक्षरात तेथे असते. दक्षिण महाराष्ट्राच्या सीमाभागात हेळवी हेच काम करतात, ते दारी येऊन कुळाची वंशावळ सांगतात. मात्र या साऱ्या नोंदी खासगी आहेत आणि त्या मुख्यतः पुरुषांच्या आहेत. सासरी गेलेली लेक वहीतून निघून जाते. उलट बाप्तिस्म्याच्या पुस्तकात आईचे नाव हटकून असते. मुलींच्या बाजूने घराण्याचा शोध घेणाऱ्याला ख्रिस्ती दप्तर अधिक उदार वाटते, ते यामुळे.

तालुक्याच्या पूर्वेकडील डोंगरपट्टीतल्या वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबांना बहुधा चर्चचे पुस्तक नाही आणि उपाध्यायांची वहीही नाही. त्यांच्या पणजोबाची लेखी आठवण असली तर ती सरकारी गावदप्तरातच असणार. पाटील-कोतवालांनी ठेवलेली जन्ममृत्यूची ही नोंदवही महसुली भाषेत ‘गाव नमुना १४’ आणि लोकांच्या भाषेत ‘कोतवाल बुक’. महाराष्ट्राला तिची आठवण २०२३ साली एकदम झाली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांतील मोडी बाडे उलगडू लागली. जी वही पिढ्यान्‌पिढ्या कोणी उघडली नाही तिच्यावर हजारो घरांतील मुलांचे प्रवेश आणि नोकऱ्या अवलंबून असल्याचे तेव्हा ध्यानात आले. मोडी वाचणारे तरी किती उरले आहेत, हा प्रश्नही त्याच सुमारास पडला. आरक्षणाच्या निमित्ताने जे कष्ट घेतले गेले ते एका राजकीय गरजेपुरते राहिले, ही खेदाची गोष्ट होय.

जन्ममृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. तो १९७० पासून अमलात आला. त्याचे कलम १७ प्रत्येक कारकुनाने आणि प्रत्येक शिक्षकाने वाचण्यासारखे आहे. कोणाही व्यक्तीला निबंधकाकरवी रजिस्टरातील नोंदीचा शोध घेवविता येतो आणि तिचा उतारा मागता येतो. वारसच असले पाहिजे अशी अट तेथे नाही. मृत्यूचे कारण मात्र उताऱ्यात उघड करता येत नाही. अधिकार आहे, पण तो बजावायचा कोठे, हा प्रश्न राहतो. कायद्याचे मूळ सूत्र असे की मृत्यू जेथे घडला तेथे त्याची नोंद होते, मृत व्यक्ती राहत होती तेथे नव्हे. विरारला तीस वर्षे राहिलेला गृहस्थ मुंबईच्या के. ई. एम. अथवा नायर रुग्णालयात वारला तर त्याची नोंद मुंबई महानगरपालिकेकडे असते. चालत्या वाहनात कोणी गेले तर वाहन प्रथम जेथे थांबेल तेथे खबर द्यावयाची असते. लोकलवर आयुष्य काढणाऱ्या वस्तीला हा नियम ठाऊक असलेला बरा. नालासोपाऱ्यात कोकणातून, उत्तर प्रदेशातून, मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांची तर तीन-तीन ठिकाणी विभागणी झालेली असते. जन्म गावी, मरण मुंबईत आणि शोध विरारला.

त्यात सीमा बदलत गेल्या. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका व भोवतालच्या अनेक ग्रामपंचायती मिळून २००९ मध्ये महानगरपालिका झाली. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. १९७५ साली एखाद्या खेड्यात झालेल्या मृत्यूची नोंद त्या वेळच्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात झाली. आज तेथे ग्रामपंचायत नसेल तर शोधणाऱ्याने प्रभाग कार्यालयापासून सुरुवात करायची, तहसीलकडे जायचे की ठाण्याला खेटे घालायचे? खिडकीमागच्या कारकुनालाही याचे उत्तर कोणी लिहून दिलेले नसते. तो समोरचे एक रजिस्टर चाळतो आणि नोंद आढळत नाही, असे लेखी देतो. येथे एक सूक्ष्म पण घातक गल्लत होते. ‘या रजिस्टरात सापडले नाही’ आणि ‘नोंद झालीच नाही’ ही दोन अगदी भिन्न विधाने आहेत. अनुपलब्धतेचा दाखला पहिल्या विधानावर दिला जातो आणि पुढे तो दुसऱ्या विधानाचा पुरावा म्हणून वापरला जातो. मग विलंबित नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश मागावा लागतो. म्हणजे जी नोंद दुसऱ्या कपाटात धूळ खात पडलेली असू शकते तिच्यासाठी प्रतिज्ञापत्रावर नवी तारीख तयार होते. घराण्याच्या इतिहासाच्या दृष्टीने ही हानी कधीही भरून न येणारी आहे, कारण खऱ्या तारखेची जागा शिक्कामोर्तब झालेल्या अंदाजाने घेतलेली असते.

जमिनीचे कागद अशा वेळी उपयोगी पडतात. खातेदार मेल्यावर वारसांची नोंद गाव नमुना ६ क मध्ये आणि फेरफारात होते, तेथे मृत्यूचा सुमार मिळतो. मात्र भूमिहीन कूळ आणि घरातील स्त्रिया तेथेही अभावानेच भेटतात.

वृत्तपत्रांतील निधनवार्तेला इतिहासकार सहसा साधन मानीत नाहीत, हे योग्य नव्हे. ‘त्यांच्या पश्चात दोन मुलगे, तीन विवाहित मुली, जावई, नातवंडे असा परिवार आहे’ या ठरीव वाक्यात सरकारी उताऱ्यापेक्षा अधिक माहिती असते. प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात मृत्यूची तारीख सांगून जाते. जुने अंक पाहण्यासाठी ठाण्याचे १८९३ मधील आणि मुंबईचे १८९८ मधील मराठी ग्रंथसंग्रहालय ही जवळची ठिकाणे होत. वसईच्या ख्रिस्ती समाजापुरते पाहिल्यास, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ संपादिलेल्या ‘सुवार्ता’ मासिकाच्या जुन्या फायलीही या दृष्टीने चाळण्यासारख्या आहेत. आता मात्र श्रद्धांजलीचा फलक नाक्यावर दहा दिवस लटकतो आणि बातमी भ्रमणध्वनीवरून फिरते. दोन्हीची फाईल कोणी ठेवीत नाही.

सूची उघड केली तर जमिनीच्या दलालांचे फावेल, ही शंका वसईत उपस्थित होईल आणि ती निराधार नाही. येथील वाड्यांचे भाव पाहता वारसांची माहिती म्हणजे पैसाच. परंतु मागणी मृतांची नावे चव्हाट्यावर मांडण्याची नाही. कोणत्या गावाची, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतची, कोणत्या लिपीतील किती रजिस्टरे सध्या कोणत्या कार्यालयात आहेत, एवढेच छापले तर कोणाच्याही खासगी जीवनाला धक्का लागत नाही. नावांची सूची हवी असेल तर ती पन्नास वर्षांपूर्वीच्या मृत्यूंपुरती करावी. इंग्लंडमध्ये १८३७ साली मुलकी नोंदणी सुरू झाली आणि तिच्यासोबत नावांच्या सूचीही सिद्ध होत गेल्या. तेथील सामान्य माणसाला आपले पूर्वज सापडतात, ते या सूचींमुळे. केवळ कागद जपले म्हणून नव्हे. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायद्याने राष्ट्रीय पातळीवर जन्ममृत्यूचा संगणकीय संचय उभारण्याची तरतूद अमलात आली, ती स्वागतार्ह आहे. पण ती आजच्या आणि उद्याच्या मृत्यूंची सोय होय. १९४० च्या वहीला तिचा उपयोग नाही.

महानगरपालिका, तहसील कार्यालय आणि धर्मप्रांत यांनी आपापल्या कपाटांची यादी केली तर एका छोट्या पुस्तिकेत ती मावेल. वसई-विरारच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्याच्या सुटीत हे काम देता येईल. त्यांच्याबरोबर मोडी जाणणारा एक निवृत्त शिक्षक आणि चर्चच्या पुस्तकांसाठी आळीतील एक म्हातारी असावी. यादीला पाच रकाने पुरेत: गाव, वर्षे, लिपी, सध्याचे ठिकाण आणि वहीची अवस्था. शेवटच्या रकान्यात जिथे ‘वाळवी’ असे लिहावे लागेल त्या वह्या पहिल्यांदा छायाचित्रणासाठी काढाव्यात.